मदत हवी आहे : केंटकीतील १७७९ नंतरचे जमिनीचे दावे आणि कसणाऱ्याची भरपाई

नमस्कार. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात केंटकीतील वसाहतकऱ्यांना मिळालेल्या जमिनींवर मी लेख लिहीत आहे. एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्यानुसार, १ जानेवारी १७७८ पूर्वी जो तेथे जाऊन वर्षभर राहिला किंवा ज्याने मक्याचे पीक काढले, त्याला ४०० एकरांचा हक्क आणि लगतचे १,००० एकर विकत घेण्याचा अग्रहक्क मिळाला. मात्र त्यासाठी आयुक्तांपुढे साक्षीपुरावा देऊन दाखला घ्यायचा, काउंटीच्या भूमापकाकडे नोंद करायची, मोजणी करून घ्यायची आणि शेवटी गव्हर्नरच्या सहीची सनद मिळवायची, असा लांबचा पल्ला होता. दुसरीकडे शंभर एकरांना ४० पौंड भरून खजिन्याचे अधिकारपत्र (जमिनीवर हक्क सांगण्याचा परवाना) विकत घेता येत होते आणि कागदी चलन घसरलेले असल्यामुळे सट्टेबाजांना ते फार स्वस्तात पडले.

सरकारने आधी मोजणी केलेलीच नव्हती. चतुःसीमा लिहिताना ओढ्याकाठचा पांढरा ओक, तेथून अमुक काठ्या (लांबीचे जुने माप) उत्तरेला खूण केलेले हिकरीचे झाड, अशा खुणा दिल्या जात. झाड पडले की सीमेचा पुरावाच गेला. परिणामी एकाच जमिनीवर एकावर एक सनदी चढल्या. केंटकीत वसाहतीची वाट दाखवणाऱ्या डॅनियल बूनसारख्याच्याही जमिनी गेल्या, आणि लिंकन कुटुंबाने १८१६ मध्ये केंटकी सोडले त्याचे मुख्य कारण जमिनीच्या मालकीतील घोळ हेच होते, असे अब्राहम लिंकन यांनी स्वतः नमूद केले आहे. (तेथील मूळ रहिवासी असलेल्या शॉनी लोकांची ही शिकारीची भूमी होती, त्यांना या दाव्यांत स्थानच नव्हते. तो अन्याय मी लेखात स्वतंत्रपणे मांडणार आहे.)

सामान्य विधी (कॉमन लॉ) न्यायालयात आधीची सनद वरचढ ठरे. समन्याय (इक्विटी) न्यायालयात, म्हणजे न्याय्यतेच्या तत्त्वांवर निर्णय देणाऱ्या न्यायालयात, मात्र भूमापकाकडची आधीची नोंद ग्राह्य धरली जाई, पण ती वाचून दुसऱ्याला जागा शोधता येईल इतकी नेमकी असावी लागे. इथवर मला स्पष्ट आहे.

माझा प्रश्न दावा हरलेल्या, पण जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या माणसाविषयी आहे. त्याने जंगल तोडून उभारलेले घर, कुंपण आणि फळबाग यांची भरपाई मिळावी म्हणून केंटकीने १७९७ आणि १८१२ मध्ये कायदे केले. ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ च्या ग्रीन विरुद्ध बिडल या खटल्यात रद्दबातल ठरवले. त्यानंतर केंटकीतील न्यायालयांनी अशा कुटुंबांना भरपाई देणे खरोखर थांबवले का, आणि भरपाईची रक्कम ठरवताना बागेचे किंवा कुंपणाचे मोल कोण आणि कशाच्या आधारे करत असे? तत्कालीन निकालपत्रे किंवा जागेवर जाऊन घेतलेल्या जबान्या कोणी वाचल्या असतील, तर कृपया सविस्तर लिहावे.