किंग क्रिमझन: 'द नाइट वॉच'नंतर कोणती मैफल ऐकू?

मंडळी, मदत हवी आहे. 'द नाइट वॉच', म्हणजे किंग क्रिमझन या ब्रिटिश रॉक बँडची २३ नोव्हेंबर १९७३ ची ॲमस्टरडॅमची मैफल, मी पुन्हा पुन्हा ऐकतोय. त्यातली 'ट्रायो' ही रचना तर काळजाला भिडते! ड्रमर बिल ब्रूफर्ड त्यात एक ठोकाही वाजवत नाही, तरी रचनेचं श्रेय बँडमधल्या चौघांना दिलंय, कारण तो संयमही वादनाचाच भाग. किती मोठं मन!

आता १९७३-७४ मधलीच अशी मैफल सुचवा, जिच्यात डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन बाकीच्यांच्या आवाजाखाली दबलेलं नाही आणि मंचावर उत्स्फूर्त सुचलेलं वादन भरपूर आहे. 'यूएसए' हा त्यांचा लाइव्ह अल्बम नको, त्यात काही ठिकाणी एडी जॉब्सननं नंतर स्टुडिओत व्हायोलिन वाजवलंय. मला त्या रात्रीचंच हवंय. ध्वनिमुद्रण थोडं खरखरीत असलं तरी चालेल.