मदत हवी आहे: लॅपटॉपची स्क्रीन डुगडुगते, डावी बिजागरी सैल झाली असेल का?

कोपऱ्यातलं टेबल (धागाकर्ती)

हार्डवेअरमधल्या जाणकारांनो, जरा मदत करा.

माझा लॅपटॉप १४ इंची आहे. एका कंपनीने वापरून काढलेला, रिफर्बिश्ड म्हणून घेतला होता. वॉरंटी केव्हाच संपली. राहायला चिपळूणला. दिवसभर टॅली आणि जीएसटीची रिटर्न्स, म्हणजे मशीन सकाळी उघडलं की रात्रीच मिटतं.

गेल्या काही दिवसांपासून स्क्रीन डुगडुगायला लागली आहे. एंटर जरा जोरात दाबला तरी थरथरते. डावीकडे जास्त. उघडताना डाव्या कोपऱ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो आणि मागे, चार्जरच्या पिनेजवळ, वरचं आणि खालचं प्लॅस्टिक एकमेकांपासून सुटून नख जाईल एवढी फट पडते. झाकण मिटलं की फट गायब.

इथल्या दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं, ‘मॅडम, पूर्ण बॉडी बदलावी लागेल, पार्ट मुंबईहून मागवू, मशीन ठेवून जा.’ २० तारखेपर्यंत जीएसटीचे ३बी रिटर्न्स भरायचे आहेत, मशीन कुठलं ठेवून जातेय!

तर प्रश्न असे की, नुसते स्क्रू आवळून भागेल का? कुठले स्क्रू? आणि मिस्टर म्हणतात तसं फटीत फेविक्विक सोडलं तर?

दक्षिण मुंबईकर

फेविक्विक बिनधास्त लावा. मी आमच्या चिरंजीवांच्या लॅपटॉपला लावलं होतं, परीक्षा संपेपर्यंत टिकलं.

सोल्डरगन

ताई, फेविक्विक आधी कपाटात ठेवून द्या. ते पाण्यासारखं पातळ असतं. फटीत सोडलं की कुठवर पळेल याचा नेम नाही. बिजागरीच्या चकत्यांत गेलं तर बिजागरी जाम, चार्जिंगच्या पिनेत गेलं तर वेगळाच खर्च. आणि वाळल्यावर ते काचेसारखं ठिसूळ होतं. बिजागरीच्या जागी रोज उपटणारा ताण येतो, तिथे ते टिकत नाही. वर पुढच्या माणसाला मशीन उघडणंही अवघड. वरच्या चिरंजीवांची परीक्षा संपल्यावर लॅपटॉपचं काय झालं तेही कळू द्या.

स्क्रू आवळण्याआधी एवढं बघून सांगा. झाकण एका हाताने उघडतं, की खालचा भाग दुसऱ्या हाताने दाबून धरावा लागतो? उजवी बिजागरी कशी आहे? लॅपटॉप तिरका केल्यावर आत काही खुळखुळतं का? आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो का? हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरी फुगली तरी बॉडी अशीच उलते. तसं असेल तर बिजागरीचा विषय बाजूला, आधी वापर आणि चार्जिंग बंद.

कोपऱ्यातलं टेबल

टचपॅड सपाट आहे, क्लिक नेहमीसारखा होतो. खालून पट्टी लावून पाहिली, फुगवटा नाही. हुश्श.

एका हाताने उघडायला गेलं तर अख्खा लॅपटॉपच वर येतो, खाली दाबूनच धरावा लागतो. घेतला तेव्हापासून असाच आहे, मला वाटायचं मजबूत आहे म्हणून. उजवीकडे फट नाही, पण तीही घट्टच. आणि हो, आत काहीतरी बारीक खुळखुळतं.

सोल्डरगन

मग तुमची बिजागरी सैल झालेलीच नाही. ती जास्त घट्ट झाली आहे, आणि तिने आपली बैठक उपटली आहे.

आत काय असतं ते सांगतो. बिजागरी म्हणजे एक पोलादी दांडी, तिच्यावर चकत्या आणि स्प्रिंगसारखे वायसर, आणि ते सगळं दाबून धरणारा टोकाचा नट. त्या चकत्यांच्या घर्षणावर स्क्रीन हव्या त्या कोनात थांबते. मधलं ग्रीस वर्षांनुवर्षांत सुकतं आणि फिरायला जोर लागायला लागतो. पण बिजागरीचा खालचा पाय ज्याला बसवलेला असतो ती बॉडी बहुतेक वेळा प्लॅस्टिकची. प्लॅस्टिकच्या बुटक्या खुंट्या, त्यात पितळेचे आटेवाले बुश, त्यात स्क्रू. दाराची बिजागरी गंजून जाम झाली की ती फिरायच्या ऐवजी चौकटीतले स्क्रू ओढून काढते, तसंच इथे झालंय. खुळखुळणारा तुकडा बहुधा खुंटीचा. स्क्रू अजून बुशात घट्टच असतील, बुशच प्लॅस्टिकमधून निघाले असतील. म्हणून आवळून काही होणार नाही. उलट टोकाचा नट आवळलात तर उजवी बाजूही जाईल.

खरोखर सैल बिजागरी ओळखायची तर स्क्रीन सोडली की ती आपोआप खाली पडते किंवा मागे कलंडते, आणि बॉडीला फट नसते. तिथे नट आवळणं बरोबर.

२० तारखेपर्यंतचा उपाय सोपा आहे. झाकण मिटूच नका. आता जिथे आहे तिथे उघडं राहू दे, रात्री वरून कापड टाका. घरी एचडीएमआयवाला टीव्ही असेल तर तो जोडून कामं उरका. स्क्रीनची केबल आणि वायफायच्या ॲन्टेनाच्या तारा बिजागरीजवळूनच जातात. सुटलेला पाय त्यांच्यावर घासत राहिला तर स्क्रीन फडफडायला लागेल आणि तो खर्च मोठा.

तापकीर गल्लीचा जावई

वरचं निदान पटलं. दुकानदार अगदीच चुकीचं बोलला नाही, पण ‘पूर्ण बॉडी’ नको. कीबोर्डभोवतीचा वरचा भाग, ज्याला पामरेस्ट म्हणतात, तेवढाच बदलला तरी भागतं. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या मशीनचे सुटे भाग मिळतात. जाताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाखाली दरवर्षी वेगळी बॉडी निघते. खालच्या स्टिकरचा फोटो न्या, आतल्या भागावरचा पार्ट नंबर मिळाला तर उत्तम. आणि जुना पामरेस्ट घेताना बुशांच्या भोवती चीर आहे का ते टॉर्च मारून बघा, नाहीतर तुमचंच दुखणं विकत घेऊन याल.

कोपऱ्यातलं टेबल

पामरेस्ट नंतर बघू. ३बी झाल्यावर घरीच उघडायचं म्हटलं तर? शेजारचे काका टीव्ही-मिक्सर दुरुस्त करतात, हात चांगला आहे त्यांचा, पण लॅपटॉप कधी उघडलेला नाही.

सोल्डरगन

मिक्सरवाले काका चालतील, फक्त घाई नको. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातल्या मॉडेल्सची सर्व्हिस मॅन्युअल नेटवर फुकट मिळते, चित्रांसकट. आधी ते डाऊनलोड करा.

चार्जर काढून मशीन पूर्ण बंद करा, स्लीप नव्हे. खालचे स्क्रू सोडवा. काही रबरी पायांखाली लपलेले असतात, आणि काही पूर्ण बाहेर येतच नाहीत, खालच्या झाकणातच अडकून राहतात, ते ओढत बसू नका. फट पाडायला जुनं एटीएम कार्ड, स्क्रूड्रायव्हरचं टोक नको. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढणं. मग बाकीचं.

स्क्रू कुठला कुठे होता ते पाळा. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून त्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवा. तीन मिमीच्या जागी पाच मिमीचा गेला तर तो वरून पामरेस्टला पुळी आणतो किंवा खाली बोर्डला भोक पाडतो.

आता मुख्य काम. चिकटवण्याआधी दोन्ही बिजागऱ्यांचा ताण कमी करा, नाहीतर नवीन बैठकही उपटेल. दांडीच्या टोकाला नट दिसला तर तो अगदी थोडा सैल करा, साधारण अष्टमांश फेरा. झाकण हलवून बघा, मग लागला तर पुन्हा तेवढाच. नट नसून पट्टी गुंडाळलेली असेल तर ती ॲडजस्ट होत नाही, मग बिजागरीच बदलायची. डब्ल्यूडी-४० फवारू नका, ते वाहत स्क्रीनच्या थरांत जातं.

बैठकीसाठी दोन ट्यूबवालं अराल्डाइट घ्या, सावकाश सुकणारं. तुटलेली जागा पॉलिश पेपरने खरवडून स्पिरिटने पुसा. बुश स्क्रूसकट बिजागरीच्या पायाला लावा, स्क्रूच्या आट्यांना किंचित व्हॅसलीन, म्हणजे अराल्डाइट स्क्रूला धरणार नाही. पाय जागेवर बसवून बुशांच्या भोवती भरा. ढीग करू नका, खालचं झाकण बसायला हवं; एकदा टेकवून बघून घ्या. स्क्रीन अशा कोनात टेकवा की बिजागरीवर जोर नसेल, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो निळा द्राव कोणी सुचवेल. तो धातूच्या आट्यांना ठीक, प्लॅस्टिकला लागला तर प्लॅस्टिक तडकतं. इथे गरज नाही.

कोपऱ्यातलं टेबल

झालं एकदाचं! सविस्तर लिहिते, कारण कुणाला तरी उपयोग होईल.

काकांनी उघडलं आणि मी मॅन्युअल वाचत बसले. अगदी वर लिहिलंय तसंच निघालं. डाव्या पायाला तीन स्क्रू, त्यातल्या दोघांचे पितळी बुश स्क्रूला लटकलेले, भोवती फुटक्या प्लॅस्टिकचं कडं. तिसरा शाबूत, सगळा भार त्या एकट्यावर. स्क्रीनच्या केबलवरचं काळं आवरण पायाच्या कडेने घासून पांढुरकं झालं होतं, पण तार दिसत नव्हती. काकांनी तिथे कापडी टेप गुंडाळला.

नट होता. दोन्हीकडे थोडा थोडा सैल केला. झाकण आता दोन बोटांनी उघडतं, खालचा भाग टेबलावरच राहतो. मागच्या कडेला केसाएवढी रेघ अजून दिसते, काका म्हणाले राहू दे, जास्त दाबायला नको. टायपिंग करताना थरथर जवळजवळ गेली. एंटर मी अजूनही जोरातच मारते.

काकांनी पैसे घेतले नाहीत, त्यांच्या नातवाचं पॅन-आधार लिंक करून दिलं.

सोल्डरगन

मस्त. उघडताना कोपऱ्याला धरून उचलू नका, वरच्या कडेला मधोमध धरा. कोपऱ्याने उघडलं की एकाच बिजागरीला पीळ पडतो. आणि तापकीर गल्लीकडे जाणारं कोणी भेटलं तर पामरेस्टचा भाव काढून ठेवा. अराल्डाइट बराच काळ चालेल, कायमचं नाही.

डेक्कन क्वीन पासधारक

जरा अवांतर. माझा टचस्क्रीन आहे, गाडीत बोट लावलं की स्क्रीन मागेपुढे होते. फट नाही, आवाज नाही, सोडली तर जागेवर थांबते. मीही उघडू का?

सोल्डरगन

नका उघडू. बोट वरच्या कडेजवळ लागतं, बिजागरी खाली, एवढ्या लांबून दाबल्यावर थोडी हलणारच. वर गाडीचे हादरे. काही कंपन्या यासाठी बिजागरीच वेगळी देतात. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीच्या लॅपटॉपला आधी ३.३ किलोची (हे वजन नव्हे, घट्टपणाचं माप) असायची, ज्यांना जास्त घट्ट हवी त्यांच्यासाठी ४ किलोचीही निघाली. तुमच्या मशीनला तसा पर्याय नसेल तर गाडीत माऊस वापरा.