अनुभव धागा : मुलाने प्रश्न विचारला तेव्हा

मूल प्रश्न विचारते तेव्हा आपल्या हातात मोबाइल, झारा किंवा गाडीचे हँडल असते आणि तोंडून नुसते ‘हं’ निघून जाते. नागपूरकर पालकांनी आणि आजी-आजोबांनी असा एखादा प्रसंग, फसलेला असला तरी, येथे लिहावा.

एक बाबा, मानेवाडा
जुलैतल्या एका रात्री मी कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतत असताना आठ वर्षांच्या मुलीने विचारले, "पावसाळ्यात कूलर गार का करत नाही?" ‘हवा दमट असते’ असे सांगून मी मोबाइल उचलला. "पण पाणी तर तेच आहे ना?" यावर मात्र मला तो खाली ठेवावा लागला, कारण ‘दमट’ हा शब्द उच्चारून मी प्रश्न फक्त झाकला होता. मी तिचा हात ओला केला आणि त्यावर फुंकर घालायला सांगितले. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेते, कूलरच्या ओल्या गवतातही हेच घडते, एवढे बोलून मी थांबलो. ती उठून गॅलरीतल्या टॉवेलला हात लावून आली. सकाळी वाळत घातलेला टॉवेल अजून ओलसरच होता. "मे महिन्यात हा लगेच वाळायचा," ती म्हणाली, "आता हवेतच पाणी भरलंय, मग कूलरचं पाणी जाईल कुठे?"

एक आई, धरमपेठ
व्हरायटी चौकात मागे बसलेल्या मुलाच्या प्रश्नाकडे पूर्ण लक्ष द्यावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी तेथे स्कूटर चालवून पाहावी. माझी चूक निराळी होती. ‘घरी गेल्यावर सांगते’ म्हणायचे आणि घरी जाऊन कुकर लावायचा. एकदा आपण होऊन विचारले, तर तो म्हणाला, "जाऊ दे, तू विसरतेसच." आता चप्पल काढण्याआधी मीच आठवण काढते.

एक आजोबा, महाल
तान्ह्या पोळ्याला नातवाला मारबतीची, म्हणजे वाईटाचे प्रतीक मानलेल्या मोठ्या स्त्री-पुतळ्याची, मिरवणूक दाखवायला नेले होते. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठत असताना त्याने विचारले, "आजोबा, हिला जाळणार?" आयुष्य शिकवण्यात गेलेले, त्यामुळे पिवळी मारबत १८८५ पासून निघते येथून सुरुवात करून मी थेट बडग्यांपर्यंत, म्हणजे मिरवणुकीतल्या टीकेच्या पुतळ्यांपर्यंत, पोहोचलो. तो मान डोलावत होता, पण माझे बोट घट्ट धरून. शेवटी मी गप्प झालो आणि खाली वाकलो, तेव्हा त्याने कानाशी विचारले, "पण तिने केलं काय?"