डॉकिंगच्या (औषधाचा रेणू विषाणूच्या प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर बघण्याच्या) यादीवरून जुनं औषध 'विषाणूवर चालतं' म्हणावं का?

रेणुवेडा:
मुळीच म्हणू नये. कोविडच्या विषाणूच्या मुख्य प्रोटिएजची (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमची) ६एलयू७ ही रचना उतरवायची, पाणी काढायचं, हायड्रोजन चढवायचे, ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बाजारातली औषधं सोडायची, की झाली यादी तयार. पण व्हिनाचा बंधन-ऊर्जेचा अंदाज, म्हणजे स्कोअर (जितका उणे तितकं बंधन घट्ट), २-३ किलोकॅलरींनी सहज चुकतो आणि १.४ किलोकॅलरीच्या फरकाने बंधनाची ताकद दहापट बदलते. मग −८.९ वालं औषध −८.१ वाल्यापेक्षा सरस कसं? शिवाय मोठ्या रेणूला स्पर्श जास्त, म्हणून स्कोअरही चांगला. जंतांवरच्या आयव्हरमेक्टिनचा रेणुभार ८७५ आहे, ते वर येणारच.

पॉकेट४१:
असहमत. स्कोअर ही चाळणी आहे, तिला निकाल समजणाऱ्यांचा दोष पद्धतीला लावू नका. शिओनोगी कंपनीचं एन्सिट्रेलव्हिर हे औषध याच प्रोटिएजवर अशाच चाळणीतून निघालं. जपानने २०२२ मध्ये तातडीची मंजुरी दिली.
मुळात ६एलयू७ घेणंच चूक. त्यातला एन३ हा रेणू प्रोटिएजच्या सिस्टीन १४५ या अमिनो आम्लाला सहसंयुज (पक्क्या रासायनिक) बंधाने जोडलेला आहे आणि व्हिना तसा बंध करत नाही, मग पडताळणार काय? ६डब्ल्यू६३ ही रचना घ्या. त्यातला तसा बंध नसलेला एक्स७७ रेणू काढून पुन्हा बसवा. आरएमएसडी (मूळ जागेपासूनचा सरासरी फरक) २ अँगस्ट्रॉमच्या आत येत नसेल तर तिथेच थांबा. प्रोटिएजच्या हिस्टिडिन ४१ या अमिनो आम्लाचा प्रोटॉन कुठल्या नायट्रोजनवर आहे ते डोळ्यांनी बघा. एग्झॉस्टिव्हनेस (व्हिनाने किती कसून शोधायचं तो आकडा) ८ऐवजी ३२ ठेवा.

रेणुवेडा:
एन्सिट्रेलव्हिर जुनं औषध नाही हो! चाळणीत सापडलेल्या रेणूवर रसायनज्ञांनी पुढे काम केलं, तेव्हा ते औषध झालं. जुन्या गोळीत तसा बदल करता येत नाही, डोसही ठरलेला. आयव्हरमेक्टिनला प्रयोगशाळेतल्या पेशींवर सुमारे २ मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) लागले. नेहमीच्या डोसने रक्तात ०.०५च्या आसपास मिळतात. चाळीसपट डोस कोण देणार?

औषधी_कट्टा:
बॅरिसिटिनिब विसरलात. संधिवाताचं औषध, फेब्रुवारी २०२० मध्ये संगणकानेच सुचवलं, पुढे चाचण्यांत मृत्यू कमी झाले.

रेणुवेडा:
ते डॉकिंगने नाही, संशोधन साहित्यातले दुवे जोडून सापडलं. आणि उपयोग झाला तो मुख्यतः दाह शमल्यामुळे.

पॉकेट४१:
मान्य, पण दोष फक्त संगणकाचा नाही. क्लोरोक्विनने माकडाच्या व्हेरो पेशींत विषाणू अडवला, माणसाच्या फुप्फुसातल्या कॅलू-३ पेशींत नाही. व्हेरोत टीएमपीआरएसएस२ (विषाणूला पेशीच्या पृष्ठभागावरूनच आत शिरू देणारं एन्झाइम) नसल्याने विषाणू एंडोसोमच्या (पेशीतल्या छोट्या पिशवीच्या) वाटेने शिरतो, आणि क्लोरोक्विन नेमकी तीच वाट बंद करतं. तेव्हा यादी जरूर द्या, पण प्रत्येक नावापुढे रक्तातली कमाल पातळी लिहा आणि पेशींची चाचणी कॅलू-३वरही करा.