शोफ्तीम पाराशा: राजा, न्यायसभा आणि संदेष्टा यांचे परस्परांशी नाते काय?

प्रश्न (जिज्ञासू वाचक, पुणे)

तोरा (मोशेची पाच पुस्तके) दर आठवड्याला एक भाग याप्रमाणे वर्षभरात वाचून पूर्ण करण्याची यहुदी परंपरा आहे. त्यातला 'शोफ्तीम' हा पाराशा ('अनुवाद' या पाचव्या पुस्तकातील १६:१८ ते २१:९) मी सध्या सावकाश वाचत आहे. गावोगावच्या वेशींवर न्यायाधीश आणि अंमलदार नेमण्याच्या आज्ञेने त्याची सुरुवात होते, लाच शहाण्यांचेही डोळे आंधळे करते असे बजावले जाते आणि मग एकेक करून वरिष्ठ न्यायसभा, राजा, याजक व संदेष्टा यांचे नियम येतात. मोशेने एका संपूर्ण राज्यव्यवस्थेची मांडणी या चार-पाच अध्यायांत करून ठेवली आहे, असे वाचताना सतत जाणवते.

माझ्या दोन अडचणी आहेत. सतराव्या अध्यायात म्हटले आहे की, 'सभोवतालच्या राष्ट्रांप्रमाणे मीही राजा नेमीन' असे तू म्हणशील, तेव्हा परमेश्वर निवडील त्यालाच राजा कर. पण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लोक जवळजवळ याच शब्दांत राजा मागतात, तेव्हा संदेष्टा शमुवेल याला ते आवडत नाही आणि परमेश्वरही 'त्यांनी मलाच नाकारले आहे' असे म्हणतो. जे तोरेतच सांगितले आहे ते मागण्यात अपराध कोणता?

दुसरी अडचण संदेष्ट्याची. त्याचे बोलणे खरे झाले नाही तर ते परमेश्वराचे नव्हते, अशी कसोटी अठराव्या अध्यायाच्या शेवटी दिली आहे. ज्याला आजच निर्णय घ्यायचा आहे, त्याने या कसोटीचे करायचे काय?

प्रतिसाद १

आपली पहिली अडचण फार जुनी आहे आणि तालमूदातही (रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, चर्चांच्या प्राचीन संग्रहातही) तिच्यावर एकमत नाही. त्याच्या सान्हेद्रिन या ग्रंथात (२०ब) रब्बी यहुदा म्हणतात की, देशात प्रवेश केल्यावर इस्राएलाने राजा नेमणे, अमालेक या शत्रू-टोळीचा नायनाट करणे आणि मंदिर बांधणे ही तीन कर्तव्ये पार पाडायची होती. म्हणजे राजा ही आज्ञाच. रब्बी नेहोराय यांचे म्हणणे असे की, लोक पुढे कुरकुर करणार हे ठाऊक असल्यामुळेच हा परिच्छेद सांगितला गेला. बाराव्या शतकातील विद्वान मायमोनिदेसने आपल्या धर्मसंहितेत पहिले मत स्वीकारले. बायबलचा भाष्यकार इब्न एज्राने राजा नेमण्याची ही केवळ मुभा आहे असे मानले. सर्वांत परखड लिहिले ते डॉन इसहाक अब्रावानेलने (१४३७–१५०८). हा माणूस पोर्तुगालच्या आणि पुढे कास्तिलच्या दरबारात राजांचा अर्थकारभार सांभाळत होता आणि १४९२ मध्ये त्याच राजसत्तेच्या फर्मानाने स्पेनमधून हद्दपार झाला. एकछत्री राजसत्तेची गरज नाही, ठरावीक मुदतीसाठी निवडलेले अधिकारी कारभार अधिक चांगला चालवतात, हे त्याचे मत केवळ पुस्तकी नव्हते.

मला स्वतःला असे वाटते की राजा हवा की नको, यापेक्षा तो कसा असावा याकडे पाराशाचे अधिक लक्ष आहे. राजाने घोडे, बायका आणि सोने-रुपे यांची रेलचेल करू नये, म्हणजे सैन्य, सोयरीक आणि खजिना या त्या काळच्या राजसत्तेच्या तिन्ही आधारांवर मर्यादा घातली आहे. एवढे घडीव निर्बंध एकट्या राजावर येतात, न्यायाधीशावर किंवा संदेष्ट्यावर येत नाहीत. त्याच्याकडून जे करवून घ्यायचे ते एकच आहे: त्याने तोरेची प्रत लिहून घ्यावी, ती जन्मभर वाचावी आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा आपण मोठे असे त्याच्या मनात येऊ नये. मिश्नेत (तालमूदाचा पाया असलेल्या नियमसंग्रहात) तर म्हटले आहे की तो लढाईला निघाला की ती प्रत त्याच्याबरोबर निघते, तो न्याय करायला बसला की ती जवळ असते आणि जेवायला बसला की समोर असते. शमुवेलापुढे लोक आले ते 'आमच्यापुढे चालणारा, आमच्या लढाया लढणारा राजा दे' असे म्हणत; जेवतानाही समोर तोरा ठेवणारा राजा त्यांच्या मागणीत कुठेच नव्हता. अपराध शोधायचाच तर मला तो तिथे दिसतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाला एक पुस्ती जोडतो. राजावर निर्बंध घातले तरी ते अमलात कोणी आणायचे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे तालमूदातले उत्तर फार बोचरे आहे (सान्हेद्रिन १९अ-ब). हास्मोनी या यहुदी राजघराण्यातील राजा यन्नाय याच्या गुलामाने एका माणसाचा खून केला. शिमोन बेन शेताह न्यायसभेतल्या आपल्या सहकाऱ्यांना म्हणाला, 'त्याच्याकडे डोळे लावा आणि न्याय करा.' गुलामाचा धनी म्हणून राजाला बोलावणे गेले. राजा आला आणि बसला. शिमोनने त्याला सांगितले, 'उभा राहा, म्हणजे तुझ्याविरुद्ध साक्ष होईल. तू आमच्यासमोर उभा नाहीस, ज्याच्या शब्दाने जग निर्माण झाले त्याच्यासमोर उभा आहेस.' राजा म्हणाला, 'तू म्हणतोस तसे नव्हे, तुझे सहकारी म्हणतील तसे करीन.' शिमोन उजवीकडे वळला तर तिथल्यांनी माना खाली घातल्या होत्या, डावीकडे वळला तर तिथेही तेच. कथेत पुढे गब्रिएल दूत येऊन त्या सगळ्या न्यायाधीशांना ठार करतो, आणि इस्राएलाच्या राजाने न्याय करू नये व त्याचाही न्याय केला जाऊ नये, हा नियम त्या प्रसंगावरून पडला असे सांगितले जाते. दावीदाच्या घराण्यातील राजांना मात्र हा नियम लागू नाही. ते न्याय करतात आणि त्यांचाही न्याय होतो.

मला या कथेतली शिक्षा महत्त्वाची वाटते. राजा उद्दाम असूनही दूताचा घाव त्याच्यावर पडत नाही, माना खाली घालणाऱ्यांवर पडतो. 'कोणाचे तोंड पाहून न्याय करू नका' ही पाराशाच्या आरंभीची आज्ञा त्यांनाच उद्देशून होती.

प्रतिसाद ३ (अलिबागकर)

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, असल्यामुळे एलियाहू हनाबी (संदेष्टा एलियाहू) आमच्या घरात फार जवळचा. नवस फेडताना त्याच्या नावाने मलिदा होतो, आणि अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आहेत असे आमची वडीलधारी मंडळी सांगत आली. पण आपल्या प्रश्नासाठी मला त्याच्याविषयीची वेगळी गोष्ट आठवते, ती नाबोथाच्या द्राक्षमळ्याची (पहिले राजे, अध्याय २१). राजा, न्यायसभा, साक्षीदार आणि संदेष्टा हे या पाराशातले सगळे त्या एका अध्यायात प्रत्यक्ष काम करताना दिसतात.

अहाब राजाला वाड्याशेजारचा मळा भाजीपाल्यासाठी हवा असतो. मोबदल्यात चांगला मळा किंवा रोख पैसे द्यायला तो तयार आहे. नाबोथ म्हणतो, 'वाडवडिलांचे वतन मी द्यायचे नाही.' यावर राजा काय करतो? भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडून राहतो आणि जेवत नाही. इस्राएलाच्या राजाला एका रयतेची जमीन सरळ हिसकावून घेता येत नव्हती, हे इथे किती स्पष्ट दिसते! त्याची राणी ईजबेल दुसऱ्या राजघराण्यातून आलेली, तिला या अडचणीचे आश्चर्य वाटते. पण तिलाही खटल्याचा देखावा करावाच लागतो. ती राजाच्या मुद्रेने इज्रेलच्या वडीलजनांना पत्रे पाठवते, उपास जाहीर होतो आणि दोन नीच माणसे नाबोथासमोर बसवून त्याने देवाला व राजाला शाप दिला अशी साक्ष घेतली जाते. साक्षीदार दोन असावेत या नियमाचे अक्षर न् अक्षर पाळले जाते आणि नाबोथ दगडमार होऊन मरतो.

याच पाराशात खोट्या साक्षीदाराला त्याने दुसऱ्यासाठी योजलेलीच शिक्षा द्यावी, असा नियम आहे. शेवटी असेही सांगितले आहे की रानात कोणाचे प्रेत सापडले आणि मारेकरी कळला नाही तर सर्वांत जवळच्या गावाच्या वडीलजनांनी ओढ्याकाठी कालवडीची मान मोडून तिच्यावर हात धुवावेत आणि 'आमच्या हातांनी हे रक्त सांडले नाही' असे म्हणावे. इज्रेलच्या वडीलजनांना ते वाक्य उच्चारता आले नसते. एकही वडीलजन पत्र परत पाठवत नाही, म्हणून शेवटी तिश्बेच्या एलियाहूला मळ्यात उतरून अहाबाला विचारावे लागते, 'खून केलास आणि वर ताबाही घेतलास?' गावाच्या वेशीवरचा न्याय शाबूत असता तर त्याला तिथे यावे लागले नसते, असे मला प्रत्येक वाचनात वाटते.

जिज्ञासू वाचक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. अलिबागकर, नाबोथाची गोष्ट मला माहीत होती, पण ती या पाराशाशेजारी ठेवून मी कधी वाचली नव्हती. दुसऱ्या अडचणीविषयी कोणी सांगू शकेल का? एलियाहूने अहाबावर भाकीत केलेले अरिष्टही त्याच्या हयातीत त्याच्या घराण्यावर आले नाही, असे त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. मग ती कसोटी त्याला लावायची का?

प्रतिसाद १

आपण नेमके स्थळ निवडले आहे. अहाब गोणपाट नेसून नम्र झाला म्हणून ते अरिष्ट त्याच्या मुलाच्या काळापर्यंत पुढे ढकलले गेले, असे तिथेच सांगितले आहे. मायमोनिदेस याच कारणाने भेद करतो: संकटाचे भाकीत खरे झाले नाही म्हणून संदेष्टा खोटा ठरत नाही, कारण लोक पश्चात्ताप करतात आणि देव दया करतो, संदेष्टा योनाने ज्याच्या नाशाचे भाकीत केले त्या निनवे शहराचेही तेच झाले. चांगले घडेल असे परमेश्वराच्या नावाने सांगितले आणि ते घडले नाही, तर मात्र संदेष्टा खोटा ठरतो.

हा भेद संदेष्टा यिर्मया याच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातून आला आहे. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सत्तेचे जू मोडेल आणि लुटून नेलेली पात्रे परत येतील. यिर्मया आधी म्हणतो, 'आमेन, परमेश्वर तसे करो,' आणि मग सांगतो की शांतीचे भाकीत करणाऱ्याची पारख त्याचा शब्द खरा झाल्यावर होते. त्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू हनन्या काढून मोडतो, आणि यिर्मया काही न बोलता निघून जातो. परमेश्वराचा शब्द नंतर येतो, तेव्हाच तो परत येऊन उत्तर देतो. ज्याला आजच निर्णय घ्यायचा आहे त्याला इथे कसोटीपेक्षा सावधगिरी मिळते: ऐकणाऱ्यांना आणि सिंहासनावर बसलेल्याला जे गोड वाटते, ते सांगणाऱ्यावर पुराव्याचा भार अधिक. अनुवादाच्या तेराव्या अध्यायाने तर आणखी पुढे जाऊन सांगितले आहे की, चिन्ह खरे ठरले तरी जो तुम्हाला इतर देवांकडे वळवतो त्याचे ऐकू नका.

वाचनासाठी एक सूचना. या पाराशाबरोबर वाचला जाणारा संदेष्ट्यांचा उतारा यशया ५१:१२ ते ५२:१२ हा आहे. त्याचा संबंध राजा किंवा न्यायसभेशी नाही. तिशा बआव या मंदिरनाशाच्या शोकदिवसानंतरच्या सात शब्बाथांना (शनिवारच्या विश्रामदिनांना) सांत्वनाचे उतारे वाचतात, त्यांतला तो चौथा. त्यामुळे नाबोथाचा आणि हनन्याचा अध्याय आपल्याला स्वतंत्रपणे काढून वाचावे लागतील.