क्लोझापीन घरात आली की: इंदूरकरांचा अनुभव धागा

दोन वेगळी औषधं पुऱ्या डोसात, प्रत्येकी सहा आठवडे तरी देऊनही स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) हटत नाही, तेव्हा डॉक्टर क्लोझापीनचं नाव काढतात. ज्यांच्या हातून ही गोळी रोज जाते, त्यांनी लिहावं. आपबीती नको, कामाचं लिहा.

वॉर्डातली परिचारिका

सुरुवात १२.५ मिलिग्रॅमने, म्हणजे २५ ची अर्धी गोळी. पुढे रोज २५ ते ५० ने वाढवत दोन आठवड्यांत ३०० च्या आसपास, असं पुस्तकात असतं. आपल्याकडचे बरेच डॉक्टर याहून सावकाश चढवतात, आणि ठीकच करतात. घाई केली की रक्तदाब एकदम उतरतो, उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची भीतीही पहिल्या एक-दोन महिन्यांतच जास्त. ताप, छातीत दुखणं, बसल्या जागी धडधड, यातलं काहीही दिसलं तर ईसीजी, आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा कळते) व सीआरपी (सूज कळते) या रक्ताच्या तपासण्या.

लग्नाकार्याच्या गडबडीत दोन दिवस गोळी राहिली तर? ४८ तासांवर खंड पडला की जुना डोस एकदम द्यायचा नाही. डॉक्टरांना फोन करा, पुन्हा १२.५ पासून चढावं लागतं.

लॅबवाला

१९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधावरचे रुग्ण पांढऱ्या पेशी घटून दगावले आणि बऱ्याच देशांत ते मागे घेतलं गेलं. अमेरिकेत मंजुरी मिळाली १९८९ मध्ये, तीही रक्ततपासणीच्या अटीवर. तिथली रुग्णांची सक्तीची नोंदणी २०२५ मध्ये उठली, पण तपासणी उठलेली नाही. पहिले सहा महिने दर आठवड्याला, पुढचे सहा पंधरवड्याने, नंतर महिन्याला, असं तिथलं वेळापत्रक. आपले डॉक्टर सांगतील ते पाळा.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या, कागदावर बहुतेकदा न्यूट्रोफिलची (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नुसती टक्केवारी छापलेली असते. गुणाकार घरी करा: एकूण पांढऱ्या पेशी ३,२००, न्यूट्रोफिल ४० टक्के, म्हणजे १,२८०. सुरू करायला १,५०० तरी हवेत. त्याखाली गेलं की तपासणी वाढते, १,००० च्या खाली डॉक्टर गोळी थांबवतात. ताप आला किंवा घसा दुखला तर क्रोसिन देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी सीबीसी.

औषध दुकानदार, रामबाग

बिडी! हे कोणी विचारतच नाही. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापीन भराभर निकाली काढतं. माणसाने बिडी अचानक सोडली, किंवा दवाखान्यात भरती झाल्यामुळे सुटली, की आठवडाभरात त्याच डोसावर रक्तातलं औषध दीडपटही होतं. मग झापड, लाळ, कधी फिट. परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे जर्दा खाणाऱ्याला हा हिशोब लागू नाही. सोडायची तर जरूर सोडा, पण आधी डॉक्टरांना सांगून.

सिप्रोफ्लोक्सासिन (अँटिबायोटिक) आणि फ्लुवोक्सामीन (नैराश्यावरचं औषध) यांनीही क्लोझापीनची पातळी चढते. जुलाबासाठी सिप्रो मागायला कोणी आलं की घरात क्लोझापीन चालू आहे का, हे मी विचारतोच. कार्बामाझेपीन (फिटवरचं औषध) सोबत नकोच, तेही पांढऱ्या पेशी घटवतं.

घरी सांभाळणारी

रक्ताची धास्ती सगळ्यांना, बद्धकोष्ठाची कुणालाच नाही. या गोळीने आतड्याची चालच मंदावते, आणि आतडं अडकून माणसं दगावतात. रोज विचारा, कॅलेंडरवर खूण करा, रुग्ण आपणहून सांगेलच असं नाही. नुसतं इसबगोल पुरत नाही. मंद आतड्यात तो गोळा उलट बसून राहतो, म्हणून सेन्नासारखं रेचक डॉक्टर पहिल्यापासूनच लिहून देतात. दोन दिवस साफ नाही, पोट फुगलंय आणि उलटी झाली, तर थेट इमर्जन्सी.

उशी रात्री लाळेने भिजते. टॉवेल अंथरा, कुशीवर झोपवा. ॲट्रोपिनचे डोळ्यांचे थेंब जिभेखाली देतात, पण ते सांगितल्याशिवाय नाही, त्यानेही पोट आणखी धरू शकतं.

वजनाचं म्हणाल तर या गोळीने ते वाढतं, म्हणून सकाळी पोह्यांबरोबरची जिलबी बंद. रक्तातली उपाशीपोटीची साखर आणि लिपिड (चरबी) यांची तपासणी सुरुवातीला, मग तीन महिन्यांनी.

परिचारिका, पुन्हा

प्रवासात गोळ्या सामानाच्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत. दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये.