महामंडळाचे नियम आणि जोतीराव फुले यांचे उतारे: संस्करण करताना काय करावे?

ओळंबा (प्रश्न)
एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारकांवरील एका पुस्तकाचे संस्करण सध्या माझ्याकडे आहे. सर्व मजकूर मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार असावा, एवढेच प्रकाशकांच्या नियमपत्रकात लिहिले आहे. लेखकाच्या स्वतःच्या मजकुराबाबत अडचण नाही. प्रश्न उताऱ्यांचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळानुसार छापावे आणि त्यांच्यापासून पुढचे नव्या नियमांनुसार, असे महामंडळच सांगते. चिपळूणकरांचे 'निबंधमाला' हे मासिक 1874 साली सुरू झाले. म्हणजे फुल्यांच्या 1873च्या 'गुलामगिरी'तील उतारा जसाच्या तसा राहील आणि त्यांच्याच 1883मध्ये लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मधील उताऱ्याचे जुन्या पद्धतीचे, उच्चारात नसलेले अनुस्वार मात्र काढावे लागतील. लेखक एक आणि प्रकरणही एकच असताना असे करणे योग्य ठरेल का?

काना_मात्रा
माझ्या मते ठरणार नाही. 1962च्या चौदा नियमांना 1972 साली जे चार नियम जोडले गेले, त्यांपैकी हा एक आहे. सर्वसाधारण छपाईत कुठेतरी सीमारेषा हवी म्हणून चिपळूणकर आणि पद्यासाठी केशवसुत अशी नावे घेतली गेली असावीत. एकाच लेखकाच्या लेखनाचे दोन भाग करणे हा काही तिचा हेतू नव्हे. आपल्या पुस्तकात हे उतारे पुरावा म्हणून येत आहेत, तेव्हा फुल्यांचे सगळेच उतारे मुळानुसार ठेवावेत. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' 1882ची आहे. तिच्यातील उतारे असतील तर त्यांनाही हाच न्याय लावावा आणि तसे प्रस्तावनेत एका वाक्यात नोंदवावे.

जुने_वळण
वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. पुस्तक सर्वसामान्य वाचकांसाठी असेल, तर 'कांहीं', 'केलें', 'तेथें' यांवरचे अनुस्वार काढल्याने फुल्यांचे म्हणणे तिळभरही बदलत नाही आणि वाचकाची वाट मात्र सोपी होते. पण जे कराल ते उताऱ्यात शेवटपर्यंत करा, कारण अर्धवट बदल सर्वांत घातक असतो. जुन्या लेखनात 'घरांत' हे एकाच घराबद्दलही असू शकते, तर आजच्या नियमांप्रमाणे तो अनुस्वार अनेकवचन दाखवतो. शेजारच्या शब्दांवरचे अनुस्वार काढून हा एक तेवढा ठेवला, तर वाचक अनेक घरे समजेल आणि ती चूक संस्कारकाने निर्माण केलेली असेल. शिवाय ही मोकळीक केवळ लेखनपद्धतीपुरती आहे. फुल्यांची बोलीतली रूपे, त्यांची लांबच लांब वाक्ये आणि त्यांचे कठोर शब्द यांना हात लावण्याचा अधिकार कोणत्याही नियमपत्रकाने दिलेला नाही. 'प्रमाण' करण्याच्या नावाखाली ही भाषा सपाट केलेली दिसली की मला फार वाईट वाटते.

ओळंबा
दोघांचेही आभार. पुस्तकाला संदर्भटिपा आहेत आणि अभ्यासक ते वापरतील, म्हणून उतारे मुळानुसार ठेवण्याची शिफारस प्रकाशकांना करतो. मात्र लेखकाने काही उतारे अलीकडच्या आवृत्त्यांवरून घेतलेले दिसतात आणि त्यांत अनुस्वार आधीच गेलेले आहेत.

काना_मात्रा
ते अनुस्वार अंदाजाने परत घालू नका. जुनी आवृत्ती मिळाल्यास तिच्याशी उतारा ताडून पाहा; न मिळाल्यास समोरच्या आवृत्तीप्रमाणे ठेवून टिपेत तिचे वर्ष द्या.

प्रुफवाला
एक व्यवहारातली सूचना करतो. लेखकाच्या मजकुरात नियम लावताना संगणकावर सरसकट शोधून बदलू नका. 'रहाणे' हे क्रियापद नियमाने 'राहणे' होते, पण त्याच बदलात रहाणे हे आडनावही जाते. 'कवि'चे 'कवी' करताना 'कविता'ची 'कवीता' होते आणि 'कविसंमेलन' बिघडते. वास्तविक समासात पहिले पद तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) आणि ऱ्हस्वान्त (शेवटचा स्वर ऱ्हस्व असलेले) असेल तर ते ऱ्हस्वच ठेवायचे असते. प्रत्येक जागा डोळ्यांखालून घाला आणि उताऱ्यांना आधीच वेगळा रंग देऊन ठेवा, म्हणजे पुढे प्रुफे तपासणारी व्यक्ती आपण मुद्दाम राखलेले अनुस्वार चूक समजून पुसणार नाही.